मालाची वाट आणि शस्त्राची वाट
(एका फुटबॉलप्रेमी व्यापाऱ्याचे चिंतन)

आपल्या सिल्वासाच्या बाजारपेठेतून सायंकाळच्या वेळी जाणाऱ्यास पोर्तुगालच्या फुटबॉल संघाची लाल जर्सी घातलेला एखादा तरुण हमखास आढळतो. पाठीवर सातचा आकडा, त्यावर रोनाल्डोचे नाव आणि छातीवर पाच लहान ढालींचे चिन्ह. जर्सीचा पॉलिएस्टर धागा कदाचित आपल्याच एखाद्या सभासदाच्या कारखान्यात निघालेला असेल. या पाच ढाली सिल्वासाला नवीन नाहीत. 1954 सालच्या ऑगस्टपर्यंत याच ढाली मिरविणारे निशाण येथील सत्तेचे निशाण होते, आणि ते उतरविण्यासाठी तरुण माणसे जिवावर उदार होऊन येथे आली होती. त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या मुलांनी तेच चिन्ह पदरचे पैसे खर्चून छातीवर धारण करावे, हे कितपत उचित, असा प्रश्न जुन्या पिढीतील माणसे कधीकधी विचारतात.

प्रस्तुत लेखकाचा पिंड व्यापाऱ्याचा, परंतु फुटबॉलचा नाद लहानपणापासूनचा. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी विचारात घ्यावासा वाटतो. त्याचे उत्तर शोधू जाता खेळ, राष्ट्राराष्ट्रांतील वैर आणि अलीकडे आपल्या मुलांच्या मोबाइलात शिरलेले 'क्रिप्टो' खेळ, असे तीन विषय एकाच दोऱ्यात ओवले जातात. तो दोरा प्रथम आपल्या गावच्या इतिहासातच सापडतो.

नगर हवेलीचा मुलूख पोर्तुगीजांकडे कसा गेला, हे व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1779 च्या पुणे येथील तहाने मराठ्यांनी त्यांना दमणच्या आसपासच्या गावांतून वार्षिक बारा हजार रुपयांचे उत्पन्न देऊ केले. दिला होता तो महसुलाचा सरंजाम. पुढे त्याचे राज्य झाले. पावणेदोनशे वर्षांनी, 22 जुलै 1954 रोजी दादरा मुक्त झाले आणि 2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा. या लढ्यात सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी मंडळी होती, आणि निधी उभारण्यासाठी लता मंगेशकर यांनी पुण्याच्या हिराबागेत गायन केले होते, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. यानंतर सात वर्षे येथील कारभार वरिष्ठ पंचायतीच्या सल्ल्याने चालला आणि 11 ऑगस्ट 1961 रोजी हा प्रदेश भारतात रीतसर समाविष्ट झाला.

परंतु या कथेतील एक प्रकरण सणसमारंभांच्या भाषणांतून फारसे ऐकू येत नाही. पोर्तुगालने डिसेंबर 1955 मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध फिर्याद नेली. दमणहून दादरा व नगर हवेलीकडे जाण्याचा आपला हक्क भारताने डावलला, असे त्यांचे म्हणणे होते. 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी ठरविले की, 1954 मध्ये खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना त्या वाटेने जाण्याचा पोर्तुगालचा हक्क होता. मात्र सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे आणि दारूगोळा यांस तो नव्हता. हे मत आठ विरुद्ध सात अशा एका मताच्या फरकाने झाले. आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असेही नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

आपल्या या चिमुकल्या मुलखाच्या निमित्ताने जगाच्या न्यायासनाने केलेला भेद किती साधा आणि किती खोल आहे! माणूस जावो, माल जावो. शस्त्र मात्र न जावो. दोन देशांत कितीही वितुष्ट असले तरी मीठ, कापड, धान्य यांची वाट निराळी आणि बंदुकीची वाट निराळी. हा भेद राखावयाचा, तर नाक्यावर कोणी तरी गाडी थांबवून आत काय आहे हे पाहिले पाहिजे. खेळाच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी, असे मी सुचवितो.

त्यासाठी निकालानंतर सहा वर्षांनी इंग्लंडमध्ये झालेल्या एका सामन्याकडे वळू. 1966 च्या विश्वचषकात उत्तर कोरियाचा संघ आला. अवघ्या तेरा वर्षांपूर्वी संपलेल्या कोरियन युद्धात ब्रिटिश सैनिक याच राज्याविरुद्ध लढून मेले होते, आणि ब्रिटनने त्यास मान्यताही दिलेली नव्हती. या परक्या खेळाडूंचे सामने मिडल्सबरो या लोखंड-पोलादाच्या कामगारनगरीत ठेवण्यात आले. त्यांची चपळाई पाहून तेथील कामगारांनी त्यांना आपलेसे केले. 19 जुलै रोजी पाक डू-इक याच्या एका गोलाने बलाढ्य इटली पराभूत झाली, तेव्हा मिडल्सबरोने जणू आपलाच विजय साजरा केला. पुढचा सामना लिव्हरपूलला होता. आपल्या लाडक्या पाहुण्यांना प्रोत्साहन देण्यासाठी मिडल्सबरोचे शेकडो लोक तेथवर गेले.

तो सामना होता पोर्तुगालशी, 23 जुलै 1966 रोजी. पंचवीस मिनिटांतच उत्तर कोरियाने तीन गोल केले. त्यानंतर युसेबियो या खेळाडूने एकट्याने चार गोल केले आणि पोर्तुगालने 5-3 असा विजय मिळविला. युसेबियो मूळचा मोझांबिकचा. ज्या सालाझार राजवटीच्या हातून सिल्वासा निसटले होते, तीच राजवट त्या वेळी मोझांबिकवर राज्य करीत होती, आणि तेथे 1964 पासून स्वातंत्र्याचे सशस्त्र युद्ध पेटलेले होते. गुलाम देशाच्या पुत्राने राज्यकर्त्या देशाची लाज राखली, आणि जगाने टाळ्या वाजविल्या त्या त्याच्या पायांतील कसबाला; त्या टाळ्यांत सालाझारचा वाटा नव्हता. 2002 मध्ये त्या उत्तर कोरियाई संघातील हयात खेळाडू पुन्हा मिडल्सबरोस गेले, तेव्हा छत्तीस वर्षांनंतरही लोकांनी त्यांना ओळखले आणि मिठ्या मारल्या.

याचा अर्थ खेळ वैर मिटवितो असा करू नये. 1969 च्या जूनमध्ये एल् साल्वादोर आणि होंडुरास यांच्यातील विश्वचषक पात्रतेच्या सामन्यांत दंगे उसळले आणि जुलैत दोन्ही देशांत जवळपास शंभर तासांचे युद्ध झाले. 'फुटबॉलचे युद्ध' म्हणून ते प्रसिद्ध आहे. खरे कारण जमिनीचे आणि स्थलांतरित शेतकऱ्यांचे होते. फुटबॉल ही ठिणगी ठरली. आपल्याच संघाचे उदाहरण घ्यावयाचे, तर 1962 च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेचे घेता येईल. यजमान इंडोनेशियाने इस्राएल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. त्यावर भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला आणि जाकार्ताचे लोक भारतावर खवळले. अंतिम सामन्यात भरगच्च मैदान भारताविरुद्ध ओरडत होते. त्या आरडाओरड्यात पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनी गोल केले आणि दक्षिण कोरियाचा 2-1 असा पराभव करून आपण सुवर्णपदक मिळविले. म्हणजे मैदानात वैर शिरते, शिरत आले आहे. परंतु ते सर्वांच्या डोळ्यांदेखत शिरते. प्रेक्षकांना दिसते, पंचाला दिसते, वर्तमानपत्रांत छापून येते. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा चार दिवसांत जागतिक आणि युरोपीय फुटबॉल संघटनांनी रशियन संघांना स्पर्धांतून बाहेर ठेवले. तो निर्णय योग्य की अयोग्य यावर मतभेद असू शकतील. तो कोणी, केव्हा आणि कशासाठी घेतला, यावर नाहीत. नाका होता आणि नाक्यावर माणूस होता.

आता ज्या ठिकाणी नाकाच नाही, अशा वाटेकडे येऊ.

'क्रिप्टो' म्हणजे कोणत्याही सरकारने न काढलेले, संगणकांच्या जाळ्यात नोंदलेले चलन. त्याची खतावणी एका पेढीत नसते. अनेक संगणकांवर तिच्या प्रती असतात. कल्पना चतुर आहे, यात शंका नाही. या चलनाभोवती खेळ रचले गेले. आपल्या आवडत्या फुटबॉल संघाचे 'फॅन टोकन' विकत घ्यावे, त्याबदल्यात संघाच्या एखाद्या किरकोळ बाबीवर मत द्यावे, आणि भाव चढला की विकावे. पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाचेही असे टोकन निघाले आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये रोनाल्डोने एका मोठ्या क्रिप्टो बाजाराबरोबर स्वतःच्या नावाची डिजिटल चित्रे विक्रीस काढली. पुढल्याच वर्षी अमेरिकेत त्या जाहिरातीविरुद्ध गुंतवणूकदारांनी दावा दाखल केला. ज्या महिन्यात कतारचा विश्वचषक सुरू झाला, त्याच महिन्यात एफटीएक्स हा क्रिप्टो बाजार कोसळला.

दुसरा प्रकार खेळून पैसे मिळविण्याचा. त्यात सर्वांत गाजलेला खेळ 'ॲक्सी इन्फिनिटी'. व्हिएतनाममधील एका कंपनीने तो काढला. काल्पनिक प्राणी विकत घ्यावयाचे, त्यांची झुंज लावावयाची आणि जिंकल्यास टोकन मिळवावयाचे. आरंभी तीन प्राणी घेणे भाग होते, आणि भाव वाढल्यावर गरिबास ते परवडेनात. तेव्हा धनिक लोक आपले प्राणी बटाईने देऊ लागले. महामारीच्या काळात फिलिपाइन्समधील हजारो बेकार माणसे यावर घर चालवू लागली. परंतु जुन्या खेळाडूची कमाई नव्या खेळाडूच्या भांडवलातूनच येत होती. नवे येणे मंदावताच टोकन कवडीमोल झाले.

याच खेळात मार्च 2022 मध्ये जे घडले, ते प्रत्येक पेढीवर वाचून दाखवावे असे आहे. खेळातील चलन बाहेर नेण्यासाठी एक पूल होता. त्याला नऊ किल्ल्या होत्या आणि त्यांतील कोणत्याही पाच मिळाल्या की तिजोरी उघडत असे. त्यांपैकी चार किल्ल्या एकाच कंपनीच्या हाती होत्या. पाचवी एका सहयोगी मंडळाची. त्या मंडळाने काही महिन्यांपूर्वी कामाच्या गर्दीत कंपनीला आपल्या वतीने सही करण्याची मुभा दिली होती, आणि काम संपल्यावर ती काढून घ्यावयाची राहून गेली. चोरांनी कंपनीत शिरकाव करून घेतला आणि त्यांना पाचही किल्ल्या सापडल्या. सुमारे 62 कोटी डॉलर गेले. आश्चर्य हे की, सहा दिवस कोणाच्या लक्षातही आले नाही. एका गिऱ्हाइकाला आपले पैसे काढता येईनात, तेव्हा उलगडा झाला. खेडेगावातील किराणा दुकानदारसुद्धा रात्री गल्ला मोजून रोजमेळ जुळविल्याशिवाय फळी लावत नाही. येथे कोट्यवधींची तिजोरी आठवडाभर कोणी मोजलीच नव्हती.

आणि चोर कोण? अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास संस्थेने एप्रिल 2022 मध्ये जाहीर केले की, ही चोरी उत्तर कोरियाच्या सरकारशी संबंधित 'लाझारस' टोळीने केली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञमंडळाने 2024 च्या अहवालात म्हटले की, 2017 ते 2023 या काळातील उत्तर कोरियाशी जोडलेल्या अठ्ठावन्न संशयित संगणकीय हल्ल्यांचा ते तपास करीत असून त्यांतील रक्कम सुमारे तीन अब्ज डॉलर आहे. हा पैसा त्या देशाच्या संहारक अस्त्रांच्या कामी येत असल्याचे सांगितले जाते. हे सारे दूरदेशीचे आहे असे मानू नये. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो बाजारातून सुमारे 23 कोटी डॉलर चोरीस गेले. जानेवारी 2025 मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात त्याचाही ठपका उत्तर कोरियावर ठेवला. आपल्या देशातील असंख्य लहान ठेवीदारांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकून पडले.

1966 मध्ये उत्तर कोरियाचे अकरा खेळाडू उघड्या मैदानात आले आणि शत्रुदेशातील कामगारांचे प्रेम घेऊन गेले. छप्पन्न वर्षांनी त्याच राज्याची माणसे दुसऱ्या एका खेळाच्या मागील दाराने आली आणि गरिबांच्या कमाईसह तिजोरी घेऊन गेली. दोन्ही वेळी वाट खेळाचीच होती. पहिल्या वाटेवर लाखो डोळे होते. दुसरीवर एकही नव्हता. फिलिपाइन्समधील एखाद्या तरुणाने आपल्या काल्पनिक प्राण्यास झुंजविले, त्यातून अस्त्राच्या एखाद्या सुट्या भागाची किंमत चुकती झाली असेल, आणि त्या बिचाऱ्यास याची वार्ताही नसेल.

आपल्या समाजापुरते सांगावयाचे, तर या विषयाचा विचार करण्यासाठी आपणांस परक्या शास्त्राकडे जाण्याची आवश्यकता नाही. सप्तव्यसनांत आपल्या आचार्यांनी द्यूताला पहिले स्थान दिले, कारण बाकीची सहा बहुधा त्याच्यामागून येतात. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. त्यांतील तीन मला या संदर्भात विशेष महत्त्वाचे वाटतात. चोरीचा माल घेणे हा एक. राज्याने घातलेली बंधने ओलांडून व्यवहार करणे, म्हणजे विरुद्धराज्यातिक्रम, हा दुसरा. आणि अस्सलाच्या जागी नक्कल चालविणे, म्हणजे प्रतिरूपक व्यवहार, हा तिसरा. चोरी स्वतः केली नाही, एवढ्याने व्रत अबाधित राहत नाही. माल कोठून आला आणि कोठे चालला, हे पाहण्याचीही जबाबदारी व्यापाऱ्यावर आहे. शेकडो वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना संगणक ठाऊक नव्हता, पण बाजार पुरेपूर ठाऊक होता.

सट्टा आणि परदेशचे युद्ध यांचे नाते आपल्या व्यापारी पूर्वजांनी अनुभवलेले आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाने 1861 पासून तेथील कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. त्या पैशाने शेअरांचा ज्वर चढला. समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते प्रेमचंद रायचंद, आपल्याच धर्माचे एक असामान्य बुद्धीचे आणि दातृत्वाचे पुरुष. 1865 मध्ये युद्ध थांबले, कापूस घसरला, आणि वायद्यांचा दिवस उजाडला तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. प्रेमचंदांनाही त्याची झळ लागली. आज मुंबई विद्यापीठात उभा असलेला, त्यांनी मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून बांधलेला राजाबाई मनोरा पाहताना एक विचार मनात येतो : त्या साऱ्या धामधुमीतून जे दान झाले ते उरले, जे वायद्यावर होते ते गेले.

सरकारनेही आता पावले उचलली आहेत. 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वजा करता येत नाही, आणि विक्रीच्या वेळी एक टक्का रक्कम आधीच कापली जाते. मार्च 2023 पासून हे व्यवहार काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याच्या कक्षेत आले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. परंतु कायदा नाक्यावरच्या शिपायासारखा असतो. जी वाट त्याला दिसते तीच तो अडवितो. मोबाइलच्या लहानशा पडद्यातून निघणाऱ्या वाटेवर पहारा ठेवावयाचा, तर तो घरात आणि पेढीवरच ठेवावा लागेल.

म्हणून आपल्या बांधवांपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, ज्या व्यवहारात समोरचा पक्ष कोण, माल कोणता आणि पैसा कोठे जातो, हे एका पानावर सरळ मराठीत, गुजरातीत किंवा हिंदीत लिहिता येत नाही, त्यात पेढीचा एक रुपयाही घालू नये. दुसरी, घरातील मुले कोणता खेळ खेळतात याची चौकशी रागाने न करता जिज्ञासेने करावी. त्यांच्याजवळ बसून त्या खेळाचा जमाखर्च त्यांच्याकडूनच मांडवून घ्यावा. आकडे मांडले की शहाणपण बहुधा आपोआप येते. तिसरी सूचना मला सर्वांत प्रिय आहे. या औद्योगिक नगरीत देशाच्या कानाकोपऱ्यांतून कामगार आले आहेत; येथील वारली, कोकणा, धोडिया मुले पायांनी चपळ आहेत. त्यांच्यासाठी दोन गोलपोस्ट, सपाट जमीन आणि सायंकाळचे दिवे आपल्या मंडळाने उभे केले, तर त्या पैशाचा हिशेब कोणालाही डोळ्यांनी पाहता येईल.

राहिला प्रारंभीचा प्रश्न, त्या लाल जर्सीचा. पोर्तुगालमध्ये 1974 च्या एप्रिलमध्ये जुनी हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या सरकारने दिल्लीत तह करून या प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. तंटा मिटला, आणि मिटलेल्या तंट्याच्या वाटेने आता एका खेळाडूविषयीचे कौतुक येते. त्यास अडविण्याचे कारण नाही. हेगच्या न्यायाधीशांनी सर्वसाधारण मालासाठी जी वाट मोकळी ठेवली, तिच्यातूनच ते येते. आपण पहावयाचे ते एवढेच की, त्या कौतुकाच्या गाठोड्यात कोणी जुगार बांधून पाठविलेला नाही ना, आणि जुगाराच्या तळाशी शस्त्र दडविलेले नाही ना. गाठोडे सोडून पाहण्याची सवय व्यापाऱ्यास जन्मजात असते. ती आपण मुलांना द्यावी.